कडूबाईचा पाय

तिसगावच्या आजूबाजूला गेल्या बारा-पंधरा वर्षांत जेवढी शेततळी झाली, त्यातल्या निम्म्याहून जास्त तळ्यांवरून कडूबाईचा पाय फिरलेला आहे. हे कुणालाही विचारा, कुणीही सांगेल. पण पाय फिरणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. त्याला वाटतं, पोकलेन लावून खड्डा खोदला, प्लॅस्टिकचा कागद अंथरला, विहिरीचं पाणी सोडलं, झालं तळं. अहो, इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! कागद कितीही जाड घ्या. खाली हरभऱ्याएवढी टोकदार गारगोटी राहिली आणि वर दोन पुरुष खोल पाण्याचं वजन बसलं, की ती गारगोटी कागद फोडून वर येते. बाभळीचं खुंट राहिलं तर तेच. लव्हाळ्याची गाठ राहिली तर ती मेली खालून कोंब काढते आणि नव्या कोऱ्या कागदातून सुईसारखी वर निघते. मग उन्हाळ्यात मालक काठावर उभा राहून बघत बसतो, पाणी कुठं चाललंय म्हणून.

म्हणून खोदकाम झालं की आधी बायकांची टोळी आत उतरते. दगड वेचायचे, मुळ्या उपटायच्या, उतारावरचे उंचवटे खुरप्यानं खरवडायचे, वर चाळलेली बारीक माती पसरायची, पाणी शिंपडून धुम्मसनं ठोकायची. चार-पाच दिवस हेच. सगळं झालं की टोळी वर येते आणि कडूबाई एकटी खाली उतरते, अनवाणी. ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरुवात करते. पाऊल उचलून टाकत नाही, मातीवरून सरकवत नेते, आधी चारी उतार आणि मग तळ, शेतात नांगर फिरावा तसं ओळीमागून ओळ. जिथं टोचलं तिथं ती थांबते, पाय न हलवता हात वर करते. मग कुणीतरी घमेलं घेऊन पळत जायचं आणि तिच्या पायाखालचं काढायचं. सगळं तळं पालथं घालून ती वर येणार, तांब्यानं पाय धुणार आणि म्हणणार, "टाका कागद." तोवर मालक कागदाच्या गुंडाळीची दोरीसुद्धा सोडत नाही.

हा मान तिला कुणी कागदावर लिहून दिलेला नव्हता. गावातलं पहिलं तळं झालं तेव्हा ती बाकीच्या बायकांबरोबर दगड वेचत होती. चपलेचा अंगठा तुटला म्हणून अनवाणी काम करत होती. कागद टाकायला माणसं आली तशी ती म्हणाली, इथं खाली काहीतरी आहे, पायाला लागतंय. मुकादम हसला. वर तर माती कशी मेणासारखी दिसत होती! कडूबाईनं हट्टानं खुरपं घातलं आणि वीतभर खालून बाभळीचं खुंट काढून मुकादमापुढं टाकलं. त्या दिवसापासून सुरू झालं ते. नवरा लवकर गेला होता, पोरगा शाळेत होता. ज्या गावातल्या बाया हळदीकुंकवाच्या दिवशी तिच्या दारावरून पुढं जायच्या, त्याच घरांतले पुरुष तळं खोदलं की आधी तिच्या दारात यायचे. पहिलं पाऊल तिचंच हवं म्हणायचे. कडूबाई वरून फणकारायची, पाय दुखतात, वेळ नाही, मागल्या वेळी चहासुद्धा धड पाजला नव्हता म्हणायची. आतून मात्र तिला त्या दिवशी दोन भाकरी जास्त जायच्या.

तोंडानं ती फटकळ. दगड वेचताना कुणी बाई मोबाईलवर बोलत बसली, तर तिच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. पण टोळीतली एकही बाई तिला सोडून दुसरीकडं गेली नाही. कडूबाईच्या हाताखालचं तळं गळत नाही, हे नाव सगळ्यांचंच होतं.

आता मार्गशीर्षातली गोष्ट. सकाळी कडूबाई चुलीपुढून भाकरी टाकून उठली आणि सून रेश्मा परसातून आत आली ती नाकाला पदर लावूनच. काय जळतंय म्हणाली. कडूबाईनं तवा बघितला, चूल बघितली, कोपऱ्यातलं पोतं बघितलं. शेवटी रेश्मालाच दिसलं. चुलीतून घरंगळलेल्या निखाऱ्यावर सासूचा डावा पाय होता, आणि सासू त्या पायावर भार देऊन शांतपणे इकडंतिकडं बघत होती.

रेश्मानं तिला त्याच दिवशी ओढत दवाखान्यात नेलं. रक्त तपासलं, शुगर निघाली, आणि ती काही आजकालची नव्हती. मग डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला सांगितले आणि तळव्याला ठिकठिकाणी टोकदार काहीतरी लावून विचारत गेल्या, टोचतंय का, टोचतंय का. कडूबाईनं पापण्या किलकिल्या ठेवल्या होत्या. बाईंचा हात खाली गेला की ही म्हणायची, टोचतंय. दहापैकी दहा मार्क पाडले! डॉक्टरीणबाई काही दुधखुळ्या नव्हत्या, भाजलेला तळवा त्यांच्या डोळ्यांसमोरच होता. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि रेश्माला बजावलं, हिच्या पायातली संवेदना गेलीय, घरातसुद्धा चपलेशिवाय फिरू द्यायचं नाही. कडूबाईनं मान डोलावली. बाहेर आल्यावर सुनेला म्हणाली, गावात एक शब्द काढशील तर बघ.

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं मनाशी ठरवलं. पण त्या रात्री अंथरुणात तिला एक गोष्ट आठवली आणि ती उठून बसली. दिवाळीनंतर पुंजारामाचं तळं झालं होतं. पुंजाराम तिच्याच वयाचा, मोसंबीची बाग राखून असलेला, बोलायला मोठा पण मनाचा सरळ शेतकरी. त्याच्या तळ्यावरून ती फिरली तेव्हा एकदासुद्धा टोचलं नव्हतं. एकदासुद्धा! नेहमी सकाळपासून दुपार व्हायची, त्या दिवशी ती तासाभरात वर आली. सगळ्यांनी पुंजारामाच्या मातीचं कौतुक केलं, आणि तिनंही केलं. इतकं साफ तळं आजवर लागलं नाही म्हणाली, आणि त्याच्या बायकोनं दिलेला नारळ पदरात घेऊन घरी आली.

पौषात बातमी आलीच. पुंजारामाचं पाणी रोज चार बोटं उतरत होतं. उतरत उतरत ते छातीएवढं राहिलं आणि तिथं थांबलं. म्हणजे भोक त्या पातळीला, उतारावर कुठंतरी होतं. आता योग असा, की कागदाच्या दोन पट्ट्यांचा जोड त्याच पातळीला होता. झालं! पुंजारामानं खापर फोडलं ते जोड मारणाऱ्याच्या डोक्यावर. जोड मारणारा होता केडगावचा शमशेर. हा तिशीतला गडी स्वतःच्या टेम्पोत मशिन घालून गावोगाव फिरायचा आणि गरम मशिननं कागदाचे पट्टे एकमेकांना असे जोडायचा, की ओढून सुटायचे नाहीत. तो पुंजारामाकडं येऊन गेला, पाण्यात उतरून सगळा जोड हातानं चाचपून गेला. जोड शाबूत आहे, पाणी पूर्ण उपसा, खाली काहीतरी टोचलंय, असं त्यानं सांगितलं. पुंजाराम म्हणाला, खाली काही असणारच नाही, तळ्यावरून कडूबाईचा पाय फिरलाय. आणि हेच तो तिसगावच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, भेटेल त्याला सांगत सुटला. ऐकून दोघा-तिघांनी शमशेरला सांगितलेलं काम दुसऱ्याला दिलं.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. आणि चोर कोण, हे एका कडूबाईलाच ठाऊक होतं. तिला आठ-आठ दिवस नीट जेवण गेलं नाही. उद्या जाऊन सांगते, असं ती रोज म्हणायची, आणि रोज काहीतरी काढून घरात बसायची. सांगितलं की संपलं. गावात बिनकामाची, पाय गेलेली म्हातारी एवढीच काय ती उरणार. तिला भीती वाटत होती, आणि स्वतःची लाजही वाटत होती. दरम्यान दोन तळ्यांची बोलावणी आली ती तिनं परतवली. एकाला पाहुणे आल्याचं सांगितलं, दुसऱ्याला गुडघा दाखवला.

तिसऱ्याला नाही म्हणता येईना, कारण तिसरं तळं पंकजाचं होतं.

पंकजा तिच्याच टोळीतली. नऊ वर्षं तिनं लोकांच्या तळ्यांतले दगड वेचले. नवरा वाल्मिक दरसाल ऊसतोडीला जायचा, पंकजाही आधी जायची. पुढं मुलीची शाळा बुडायला लागली म्हणून ती मागं राहिली. दोन एकर रान, त्यातही निम्मं खडकाळ. यंदा तिचं तळं मंजूर झालं होतं. पाणी टिकलं तर डाळिंब लावायचं, आणि वाल्मिकची ही शेवटची तोड. हे ती इतक्यांदा बोलली होती, की टोळीतल्या बायका तिचं वाक्य तिच्याआधी पुरं करायच्या. पाच दिवस सगळ्याजणी तिच्या तळ्यात राबल्या आणि पाची दिवस तिची टिंगल केली. मालकीणबाई, सावलीत बसा. मालकीणबाई, चहात साखर कमी पडली बघा. पंकजा लाजायची आणि सगळ्यांहून मोठे दगड उचलायची.

सहाव्या दिवशी सकाळी शमशेर टेम्पो घेऊन आला. एरवी आल्या आल्या कडूबाईची चेष्टा केल्याशिवाय तो मशिन उतरवायचा नाही. आज त्यानं नुसतं, बरं हाय का मावशी, एवढं विचारलं आणि कागदाच्या गुंडाळीशेजारी जाऊन बसला. टोळीतली एक बाई दुसरीला म्हणाली, जोड नीट मार म्हणावं बाबा, पुंजारामासारखं नको करू. हळूच म्हणाली, पण तळ्याच्या भरावावर आवाज लांब जातो. शमशेरनं ऐकलं. त्यानं मान खाली घालून मशिनची वायर उलगडली, पुन्हा गुंडाळली. कडूबाईनं ते पाहिलं आणि चपला काढून ती खाली उतरली. आज पाय साथ देतील, असं तिनं मनाला बजावलं. गोळ्या चालू आहेत, महिना झाला, थोडंफार आलं असेल परत.

ईशान्येच्या कोपऱ्यातून तिनं सुरुवात केली. मातीवर सकाळीच पाणी मारलेलं. पूर्वी पहिल्या पावलाला तो गारवा टाचेतून पोटरीपर्यंत चढायचा. आज पाय कुणाचे तरी उसने आणल्यासारखे खाली चालले होते. एक ओळ झाली. दुसरी झाली. काही नाही. तिसऱ्या ओळीच्या मध्यावर असताना वरून कुणीतरी म्हणालं, "बघा गं, पंकजाचं तळं कसं लोन्यावानी निघालं!" आणि सगळ्याजणी हसल्या.

कडूबाई होती तिथं थांबली. पुंजारामाकडंही लोकांनी असंच कौतुक केलं होतं. ती खाली वाकली, उजवं पाऊल बाजूला घेतलं आणि जिथं उभी होती तिथल्या मातीवरून बोटं फिरवली. बोटाला लागली. मातीत रुतलेली, टोक वर असलेली गारगोटी. तिच्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकून ती उभी राहिली होती.

एकदा तिच्या मनात आलं, ही काढून टाकावी, हात वर करावा, टोचली म्हणावं. पुढची सगळी तळी हातांनी चाचपू, गुडघ्याचं निमित्त सांगू, कुणाला कळणार आहे. तेवढ्यात पंकजाच घमेलं घेऊन धावत खाली आली. कडूमावशी थांबली म्हणजे काहीतरी सापडलं, हे तिला नऊ वर्षांत पाठ झालं होतं. तिच्या तोंडावर जराही शंका नव्हती. ते तोंड बघून कडूबाईला खोटं बोलवेना.

"पंकजा, चपला काढ," ती म्हणाली. "तळ्यावरनं तू फीर. माझ्या पायाला कळंना झालंय."

पंकजाला आधी हसूच आलं. कडूबाईनं गारगोटी उकरून तिच्या हातावर ठेवली, हिच्यावर उभी होते म्हणाली, निखाऱ्याचं सांगितलं, दवाखान्याचं सांगितलं. पंकजाचं हसू हळूहळू गेलं. मग कडूबाई भरावाकडं वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलली.

"शमशेर, पुंजारामाचा जोड फुटला न्हाई. तितं बी मला कळलं नव्हतं. म्हैना झाला, मला ठावं हुतं, आन मी गप बसले."

शमशेर उठून उभा राहिला. तो ओरडेल असं कडूबाईला वाटलं. ओरडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तो एवढंच म्हणाला, "म्हैना, मावशी." आणि टेम्पोच्या पलीकडं जाऊन पाठ करून बसला.

काम मात्र थांबून चालणार नव्हतं. पंकजानं चपला काढल्या. कडूबाई भरावावर चढून बसली आणि तिथून सांगायला लागली. पाऊल उचलू नको, सरकव. टाचेवर भार नको, चवड्यानं हुडक. आता पंकजाचे पाय जन्मभर चपलेतले, मऊ. ती दर चार पावलांना अगंगंगं करून एका पायावर नाचायला लागली. मघापासून गप्प झालेल्या बायकांना हसू आवरेना. कडूबाई वरून म्हणाली, बोंबल हवं तेवढं, पण जाग्यावरनं हलू नको. कडूबाई एरवी जिथं थांबलीही नसती, तिथंही पंकजाला टोचत होतं. दुपारपर्यंत पाऊण घमेलं खडे निघाले, दोन लव्हाळ्याच्या गाठी निघाल्या, आणि उत्तरेच्या उतारावर बाभळीचं खुंट निघालं. सगळ्यांनी ते काढून हातात घेऊन बघितलं. कागदाखाली ते राहिलं असतं तर काय झालं असतं, हे कुणाला सांगायची गरज नव्हती. कडूबाईला बरंही वाटलं आणि वाईटही. आपल्यावाचून तळं झालं, आणि आपण केलं असतं त्याहून साफ झालं.

पाय धुवायला पंकजा वर आली तेव्हा तांब्या कडूबाईनं घेतला. पंकजा नको नको म्हणत होती, पण हिनं ऐकलं नाही. धुऊन झाल्यावर पंकजा नुसती बघत राहिली. तिला शब्द उच्चारायचा धीर होईना. शेवटी कडूबाईच खेकसली, म्हण की, तोंड शिवलंय का? तेव्हा पंकजा हळू आवाजात म्हणाली, "टाका कागद."

दुपारभर शमशेरनं कागद अंथरला, जोड मारले, भरावावरच्या चरात कडा गाडून घेतल्या. काम चोख केलं, पण तोंडातून कामापलीकडचा शब्द काढला नाही. उन्हं उतरायला लागली तसं त्यानं मशिन टेम्पोत चढवलं आणि पुढं येऊन बघतो, तर शेजारच्या सीटवर कडूबाई पदर खोचून बसलेली.

पुंजारामाकडं चल, ती म्हणाली. शमशेर म्हणाला, राहू दे मावशी, पायाचं बघा आधी, पुंजारामाला मी सांगेन. कडूबाईनं मान हलवली.

"तू सांगितलंस तर त्याला वाटंल, सोताची कातडी वाचवतोय. मलाच सांगू दे."

शमशेरनं टेम्पो चालू केला. अर्ध्या वाटेत त्यानं विचारलं, शुगर किती निघाली. त्याच्या अम्मीलाही होती. कडूबाईनं आकडा सांगितला, तो च्यक् म्हणाला, आणि पुढं चढाच्या रस्त्याला त्यानं टेम्पो सावकाश घेतला.

पुंजाराम ओट्यावर बसून मोसंबीच्या जाळ्या शिवत होता. टेम्पोतून कडूबाई उतरलेली बघून त्याचा चेहरा फुलला. बायकोला चहा टाकायला सांगितलं आणि शमशेरकडं बोट करून म्हणाला, बरं झालं आलीस, आता ह्याच्या तोंडावर सांग माझं तळं साफ होतं का नव्हतं. कडूबाईनं उभ्या उभ्या सांगितलं. आडपडदा न ठेवता, निखाऱ्यापासून आजच्या गारगोटीपर्यंत सगळं सांगितलं.

पुंजारामानं ऐकून घेतलं आणि तो मोठ्यानं हसला.

"कडूबाई, तू लई मायाळू. ह्या पोराचं काम गेलं म्हनून तुला दया आली, व्हय? तुझ्या पायाला कळत न्हाई, हे मला सांगती?"

आता काय म्हणावं? नाव इतकं मोठं झालं होतं, की खुद्द तिनं सांगितलेलं त्याच्या कानाच्या आत शिरेना. वर तो शमशेरलाच ऐकवायला लागला, की अमक्याच्या तळ्यात हिनं तुटलेली सुई पायानं शोधली होती, तमक्याच्या तळ्यात दोन बोटं मातीखालची काच ओळखली होती. शमशेर जमिनीकडं बघत उभा होता. त्याला ठाऊक होतं, आता आपण एक शब्द बोललो तरी तो आपल्यावरच उलटणार. कडूबाईला संताप आला. आयुष्यात पहिल्यांदा ती स्वतःचं उणं सांगायला कुणाच्या दारात आली होती, आणि हा बाबा ते घ्यायला तयार नव्हता!

ती ओट्याच्या कडेला टेकली, चपला भिरकावल्या आणि डावा पाय उचलून पुंजारामाच्या समोर पायरीवर उताणा ठेवला. बघ भाजल्याची खूण, म्हणाली. तुझ्या तळ्यातून मी तासाभरात वर आले ते आठव, म्हणाली. तासाभरात कधी झालंय का कुणाचं तळं? तिथंच मला कळायला हवं होतं, आणि मी कौतुक ऐकत बसले. ती बोलत राहिली. पुंजाराम पायावर वाकला. टाचेजवळची निखाऱ्याची काळी खूण त्याला दिसली. मग तो आणखी खाली वाकला, कारण चवड्याच्या खाली, चिखल वाळून बसलेल्या भेगेत, आणखी काहीतरी काळं दिसत होतं.

बाभळीचा काटा होता. सकाळी पंकजाच्या तळ्यात भरलेला असणार. त्यानंतर ती तळं चढली होती, दिवसभर भरावावर फिरली होती, टेम्पोत चढली-उतरली होती, आणि इथं एवढा वेळ त्याच पायावर उभी राहून बोलली होती. पुंजारामानं नखांत धरून तो ओढला. निघता निघेना इतका लांब होता, बोटाच्या दोन पेरांएवढा. मागोमाग रक्त आलं. शमशेरनं तोंड फिरवलं.

कडूबाई बोलतच होती. त्या पाण्यात जोडाच्या खालच्या अंगाला बघा, तिथं उतार मी घाईनं उरकला होता, असं काहीतरी सांगत होती. शमशेरनं तोंड फिरवलेलं बघून ती थांबली. पुंजारामाचे डोळे भरून आले होते आणि त्याचा एक हात अजून तिच्या पावलावर होता.

"काटा हाय व्हय?" तिनं विचारलं. "मंग काढ की. बघत काय बसलाय?"

पुंजारामानं तळहात पुढं केला. काटा त्यावर होता. तिनं त्याच्याकडं बघितलं, पायाकडं बघितलं, आणि पदरानं रक्त पुसायला लागली. पुंजारामानं बायकोला हळद आणायला हाक मारली. मग तो उठला आणि शमशेरपुढं जाऊन उभा राहिला.

"शमशेरभाई," तो म्हणाला, "आज हितंच जेवा. सकाळी पानी उपसू, आन भोक कशानं पडलं, ते मीच सांगतो बाजारात समद्यांना."